सूर्याचं वादळ आणि आमचा डीपी

८ मे २०२४, तीर्थपुरी
दुपारी बारानंतर गल्लीत माणूस नाही. एजी फीडरला या आठवड्यात रात्रपाळी, तीन फेज दहानंतर. पुतण्या मोसंबीला पाणी द्यायला रात्री मळ्यात जातो. विहिरीनं तळ दाखवलाय. मोटार थोडी चालते, उपसा संपतो, मग झरा भरायची वाट पाहायची. फळं लिंबाएवढी झालीत. गळ थांबत नाही.

९ मे
नात सुट्टीला आलीय. तिच्याकडे ग्रहणाचा चष्मा आहे. सकाळी तिनं तो माझ्या डोळ्यांवर लावला. सूर्यावर काळा ठिपका, नुसत्या चष्म्यातून दिसला. ती म्हणाली, “आजोबा, हा ठिपका पृथ्वीच्या पंधरापट रुंद आहे.” शास्त्रज्ञांनी त्याला क्रमांक दिलाय: १३६६४.

रात्री बातमी. अमेरिकेच्या अवकाश हवामान केंद्रानं सूर्याच्या वादळाचा जी-४ इशारा दिला. पट्टी पाच पायऱ्यांची आहे, ही चौथी. असा इशारा २००५ नंतर पहिल्यांदाच.

उपकेंद्राच्या नोकरीत आयुष्य गेलं. वादळ म्हटलं की आम्हाला वळवाचं वादळ ठाऊक. झाड पडलं, झंपर तुटला, फीडर ट्रिप.

१० मे, अक्षय तृतीया
पितरांची घागर भरली. आमरस, कुरडया. सुनेनं सगळं वेळेत केलं.

संध्याकाळी मोबाइलवर तोच जुना निरोप फिरतोय. रात्री साडेबारा ते साडेतीन घातक किरण येणार, फोन बंद ठेवा, उशाशी ठेवू नका. दरवर्षी येतो. चार जणांना फोन करून सांगितलं, फोन खुशाल चालू ठेवा. ऐकलं दोघांनी.

रात्री गच्चीवर. आकाश नेहमीसारखं.

११ मे
पहाटे पुतण्या आला. मळ्याचा डीपी, म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर, गेला. रात्री तीन फेज आली, थोड्या वेळात मोठा आवाज झाला आणि सगळ्या मोटारी बंद. वेळ विचारली. साडेदहा-पावणेअकरा.

सकाळी बातम्या पाहिल्या. वादळ पृथ्वीवर आदळलं ते आपल्या घड्याळानं रात्री १० वाजून ३५ मिनिटांनी. पहाटेपर्यंत पाचवी पायरी गाठली. २००३ नंतर पहिल्यांदा.

दुपारपर्यंत पारावर निकाल लागला होता: सूर्यानं डीपी जाळला.

१२ मे
मळ्यात जाऊन आलो. लाइनमन बरोबर होता. डीपीच्या टाकीवर तेलाचे ओघळ, जुने, धूळ बसलेले. बुशिंगपाशी गळती. तेल किती दिवसांपासून कमी होतं, देव जाणे. डीओला फ्यूजतारेऐवजी जाड तार गुंडाळलेली. डीपी ६३ केव्हीएचा. त्यावर मोटारी किती, हे कोणी मोजून सांगत नाही. जवळपास प्रत्येक स्टार्टरला ऑटो लावलेला. लाइट आली की सगळ्या मोटारी एका क्षणी उठतात. उठताना मोटार चालत्या करंटच्या पाच-सहापट ओढते. त्यात मे महिन्याचं ऊन.

शेजारच्या मळ्याचे आबा म्हणाले, “तात्या, पण टायमिंग तर बरोबर जुळतंय की.”

जुळतंय. एवढ्यावरून काही ठरत नाही.

१३ मे
आबांना चूल पेटायच्या आधीच गाठलं. कागदावर आकृती काढून दाखवली. आपल्या डीपीची अकरा हजाराची बाजू डेल्टा. तीन गुंडाळ्या एकमेकींना जोडलेल्या, जमिनीशी नातं नाही. सूर्याच्या वादळाचा करंट जमिनीतून येतो आणि जमिनीतच परत जातो. त्याला आत शिरायला अर्थिंगचं दार लागतं. अकरा हजाराच्या बाजूला ते दारच नाही. शिवाय आपला फीडर किती लांब? वीस किलोमीटर धरा. मोठ्या वादळात जमिनीवर किलोमीटरला एखाद-दोन व्होल्ट तयार होतात. वीस किलोमीटरला वीस-चाळीस व्होल्ट. अकरा हजाराच्या लाइनला त्याचं काय?

आबा बराच वेळ कागद पाहत होते. मग म्हणाले, “मंग भ्यायचं कोणी?”

प्रश्न बरोबर होता. उत्तराला दिवस लागेल म्हणालो.

१४ मे
इस्रोनं माहिती दिली. आदित्य-एल१ आणि चंद्रयान-२, दोघांच्या उपकरणांनी हे वादळ टिपलं. लडाखमध्ये हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी मध्यरात्रीनंतर आकाशात तांबडा प्रकाश पकडला. नातीनं फोटो दाखवला. डोंगरामागे लाली, आग लागल्यासारखी. भारतातून!

आदित्य पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला उभा आहे. नातीनं हिशेब मांडला. वादळाचा वेग सेकंदाला ८०० किलोमीटर धरला, तर त्याच्याजवळून निघून आपल्यापर्यंत यायला अर्धा तास. म्हणजे पक्की खबर हाती आल्यावर अर्धा तास.

अर्ध्या तासात उपकेंद्रात बरंच करता येतं. काय करायचं ते आधी ठरलेलं असेल तर.

१५ मे
अमेरिकेत शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर उभे राहिले. ऐन मका पेरणीत. तिथले ट्रॅक्टर उपग्रहाच्या खुणेनं सरळ तास धरतात. ती खूणच हलायला लागली. आबांना सांगितलं. त्यांना हे डीपीपेक्षा जास्त पटलं.

न्यूझीलंडच्या वीजवाल्यांनी वादळाच्या काळात आणीबाणी जाहीर करून काही लाइनी स्वतःहून बंद ठेवल्या. त्यांचा अनुभव आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये अशाच वादळात ड्यूनेडिन शहरातला एक मोठा ट्रान्सफॉर्मर त्यांनी गमावलाय. तिथं अनेक ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलवर, म्हणजे अर्थिंगला जोडलेल्या टोकावर, मीटर आहेत. मुळात दुसऱ्या कामासाठी लावलेले. डीसी लाइनचा भटका करंट जमिनीतून कुठं शिरतो ते पाहायला. तेच मीटर सूर्याचा करंटही दाखवायला लागले.

हे वाचून झोप लागेना.

१६ मे
डीपी अजून नाही. वर्गणी जमली. मोसंबीला टँकर लावला.

१९ मे
माळ्यावरच्या पेटीतून जुन्या खिसावह्या काढल्या. २००३ ची सापडली. तेव्हा मी २२० केव्हीच्या उपकेंद्रात. ३० ऑक्टोबरचं पान: रात्रपाळी. लोड सुरळीत. पहाटे ३३ केव्हीचा एक फीडर ट्रिप, तारेवर वटवाघूळ. चार्ज केला, टिकला.

त्याच रात्री स्वीडनमध्ये माल्मो शहराची वीज गेली होती. पन्नास हजार ग्राहक, तासापेक्षा कमी वेळ. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. मी जागा होतो, ट्रान्सफॉर्मरपासून शंभर पावलांवर. माझ्या वहीत वटवाघूळ आहे, सूर्य नाही. आमच्या लॉगशीटला न्यूट्रलच्या डीसी करंटचा रकानाच नव्हता. त्या रात्री तिथून काही वाहिलं की नाही, हे आता कोणीही सांगू शकत नाही.

२१ मे
लाइनमन चहाला आला. पोरगा हुशार आहे, आयटीआय झालेला. त्याला क्युबेकची गोष्ट सांगितली.

१३ मार्च १९८९. कॅनडाचा क्युबेक प्रांत. पहाटे पावणेतीनच्या सुमारास वादळाचा जोर आला. तिथं जमिनीखाली जुना कठीण खडक, वीज नीट वाहू देत नाही. मग करंट सोपी वाट धरतो: लांबच लांब लाइनी आणि त्यांच्या टोकाचे न्यूट्रल. व्होल्टेज सावरायला लावलेले कॉम्पेन्सेटर एकामागून एक ट्रिप झाले. दीड मिनिटात अख्खं जाळं खाली. साठ लाख माणसं अंधारात, नऊ तास, बाहेर बर्फ.

त्यानं विचारलं, “पण काका, डीसी किती? पाच-पन्नास अँपिअर? एवढ्यानं एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर कसा काय?”

सांगितलं. ट्रान्सफॉर्मरचा कोर एसीसाठी मापून केलेला असतो. चुंबकत्व एकदा इकडं, एकदा तिकडं, काठोकाठ. त्यात थोडा डीसी घातला की एका बाजूचा अर्धा फेरा काठावरून उतू जातो, पाट भरल्यावर पाणी बांधावरून जातं तसं. ते चुंबकत्व मग टाकीच्या पत्र्यात, क्लॅम्पमध्ये शिरतं आणि तिथलं लोखंड तापतं. आवाज वाढतो. हार्मोनिक उठतात, त्यांनी रिले फसतात. ट्रान्सफॉर्मर रिअॅक्टिव्ह पॉवर खायला लागतो, व्होल्टेज खचतं. शेजारच्या उपकेंद्रातही तेच, त्याच मिनिटाला.

तो म्हणाला, “म्हणजे अर्थिंग चांगली असली तरी वाईट?”

अर्थिंग चांगलीच पाहिजे. मीठ-कोळसा घालून, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतून आम्ही ती जपली. आकाशातली वीज तिच्यातूनच जमिनीत जाते, माणसं तिच्यामुळं वाचतात. ती काढायची नाही. तिथून काय ये-जा करतं ते पाहायचं.

२४ मे
नवा डीपी आला. १०० चा. मळ्यातल्या सगळ्यांना उभं करून ऑटो काढायला लावले. दोघांनी नाही काढले.

२६ मे
आबांच्या प्रश्नाचं उत्तर वहीत उतरवून ठेवतो.

भ्यायचं ४०० आणि ७६५ केव्हीच्या जाळ्यानं. लाइन जेवढी लांब तेवढे व्होल्ट जास्त. तार जेवढी जाड तेवढा विरोध कमी. दोन्ही गोष्टी तिथंच एकत्र येतात. आपल्या राज्यातून शेकडो किलोमीटरच्या लाइनी जातात, चंद्रपूरकडची वीज पश्चिमेला आणतात. दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर, दोघांचे न्यूट्रल जमिनीत.

आपण विषुववृत्ताजवळ. ध्रुवाकडच्या देशांइतका मारा आपल्यावर होत नाही. हे खरं आहे आणि मोठा दिलासा आहे. मेमधल्या वादळानं आपलं जाळं कोसळलं नाही. पण आपल्या लाइनी चाळीस वर्षांपूर्वीच्या राहिलेल्या नाहीत. देशभर एकच जाळं झालंय. जुन्या शांततेवर नव्या लाइनींची खात्री देता येत नाही.

७ जून
पहिला पाऊस. मातीचा वास. आज दुसरं काही लिहायचं नाही.

३१ जुलै
२०१२ ला याच दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्येचं जाळं एकदम गेलं होतं. साठ कोटींवर माणसं. आदल्या दिवशी एकट्या उत्तरेचं गेलं. सुरुवात बीना–ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या लाइनीपासून. सूर्याचा काही संबंध नव्हता, लोडाचा होता. पश्चिमेचं जाळं टिकलं, आपल्याकडे दिवे राहिले.

आज तेच डोक्यात. जाळ्याची आखणी अशी असते की एक लाइन किंवा एक ट्रान्सफॉर्मर गेला तरी बाकीच्यांनी भार पेलावा. सूर्याचं वादळ एकाला धरत नाही. सगळ्या न्यूट्रलना एकाच वेळी हात घालतं. त्यात मोठा ट्रान्सफॉर्मर जळला, तर तो दुकानातून आणता येत नाही. मागणी नोंदवून बनवून घ्यावा लागतो, महिने जातात. आमच्या मळ्याला ६३ च्या डीपीसाठी टँकर लावावा लागला.

२ सप्टेंबर, पोळा
रात्रभर पाऊस. ओढे रस्त्यावर. कपाशीत गुडघाभर पाणी. बैलांना छपरातच सजवलं, गोठ्यातच पुरणपोळी भरवली. वीज पहाटेच गेली, ती या पावसानं, खांब आडवे झाल्यानं.

कंदिलाशी बसून लिहितोय. १८५९ च्या १ आणि २ सप्टेंबरला माहितीतलं सगळ्यात मोठं वादळ झालं. इंग्लंडमध्ये कॅरिंग्टननं सूर्यावरचा लखलखाट पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पृथ्वीवरच्या चुंबकसुया पिसाटल्या. अमेरिकेत बॅटरी काढून टाकली तरी तारायंत्र चालत होतं, नुसत्या आकाशाच्या करंटवर.

त्याची सगळ्यात मोलाची नोंद मुंबईतली आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय मोजणी चालू होती. माणसं दुर्बिणीतून पट्टी वाचून हातानं आकडे लिहीत. सुई हलायला लागली की दर काही मिनिटांनी. त्या दिवशी आडव्या चुंबकक्षेत्राचा आकडा सुमारे १६०० नॅनोटेस्लानं खाली गेला, म्हणजे जवळपास चार टक्के. मेमधल्या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे ४०० च्या आसपास होता. दोन मोजमापं अगदी एक नव्हेत, पण अंदाज यायला पुरे.

ते कागद जवळजवळ दीडशे वर्षं दप्तरात राहिले. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि सोभना अॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर ते अभ्यासले. आज जगात कुठंही सगळ्यात वाईट काय होऊ शकतं याचा हिशेब मांडायचा म्हटलं, तर कुलाब्याचा आकडा समोर येतो. पाळीवर बसलेल्या कोणीतरी तो तेव्हा लिहिला होता. कशाला उपयोगी पडेल हे त्याला ठाऊक नव्हतं.

४ सप्टेंबर
वीज आली. पंचनामे सुरू. मोसंबी तगली, कपाशी गेली.

१० ऑक्टोबर
नवरात्र. काल सकाळी सूर्यावर पुन्हा स्फोट झाला, आज रात्री वादळ पोचणार असं सांगताहेत. जी-४.

माझ्या हाताखाली शिकलेला एक जण आता मोठ्या उपकेंद्रात शिफ्टला असतो. त्याला फोन केला. म्हणालो, हात लावायचा नाही, यार्डात कुंपणाच्या अलीकडून फेरी मार आणि ट्रान्सफॉर्मरचा आवाज ऐक. दर तासाला. व्होल्टेज आणि तेलाचं तापमान तर तू लिहितोसच.

११ ऑक्टोबर
वादळ काल रात्री पावणेनऊच्या सुमारास आलं. त्याचा पहाटे फोन: “साहेब, आवाजात काही फरक नाही. तापमान रोजच्यासारखंच.”

वेळेसकट वहीत घेतलं. फरक नाही, हीसुद्धा नोंद आहे. २००३ ला माझ्याजवळ एवढीही नव्हती.

हानलेला पुन्हा तांबडा प्रकाश दिसला. नातीला कळवलं. १८७२ च्या ४ फेब्रुवारीला तो मुंबईतूनही दिसल्याच्या नोंदी आहेत, हेही लिहिलं. तिला खरं वाटेना.

१२ ऑक्टोबर, दसरा
पाना, पक्कड, जुना मेगर काल पुजले. आज आपट्याची पानं. आबा म्हणाले, “तात्या, सूर्य शांत झाला का?”

नाही. हा त्याच्या भराचा काळ आहे. साधारण अकरा वर्षांचं चक्र, आता माथ्यावर. माथा ओलांडल्यावर उतारावरही मोठी वादळं येतात. २००३ चं उतारावरचंच होतं.

१५ डिसेंबर, अलिबाग
मुलीकडे पनवेलला आलोय. जावयाबरोबर एसटीनं अलिबागला गेलो. किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा कुंपणाबाहेरून पाहिली. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हटल्यावर तिच्या करंटनं कुलाब्याच्या सुया बिघडल्या असत्या, म्हणून १९०४ मध्ये मोजणी इथं हलवली. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस. त्यांनी एक मोठं काम केलं. कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदम मोजलं. नव्या आकड्यांची जुन्याशी सांधजोड झाली, मालिका तुटली नाही. इमारतीला चुंबकाकडे ओढ नसलेला दगड निवडून वापरला.

विजेच्या करंटपासून चुंबकाला वाचवायला ही वेधशाळा इथं आली. आज विजेच्या जाळ्याला वाचवायला तिचेच आकडे लागणार आहेत. जावयाला म्हणालो. तो इंजिनिअर आहे, लगेच समजला.

समुद्रावर फार थांबलो नाही.

२० डिसेंबर
परत तीर्थपुरी. ऊसतोड जोरात, रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या. थंडी आहे. थ्री फेज पुन्हा रात्री.

५ जानेवारी २०२५
पत्र लिहिलं. वीजवहन बघणाऱ्या कचेरीला एक प्रत, भूचुंबकत्व संस्थेला एक. भाषा साधी ठेवली. तक्रार नाही, मागणी आहे:

“४०० आणि ७६५ केव्हीच्या उपकेंद्रांत ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमधून जाणारा डीसी प्रवाह सतत मोजावा. ते आकडे अलिबागच्या चुंबकीय आकड्यांशेजारी सर्वांना पाहता येतील असे ठेवावेत. आदित्यकडून इशारा आला की पाळीवरच्या माणसानं काय करायचं, हे अर्ध्या पानाच्या मराठी सूचनेत नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर लावावं.”

६ जानेवारी
पत्र टाकलं. लाइनमनलाही एक प्रत दिली.

उपकेंद्रांत रात्रपाळी करणाऱ्या माझ्या भावांना एवढंच सांगतो. वादळाचा इशारा असेल त्या रात्री ट्रान्सफॉर्मरचा आवाज, व्होल्टेज आणि तेलाचं तापमान वेळेसकट लिहून ठेवा, काही फरक नसला तरी लिहा, आणि ती वही रद्दीत घालू नका.